खडक क्रमांक सात

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या मंडळी, कारण गाढवपणा माझा आहे आणि तो सरकारी कागदावर नोंदलेला आहे. चहा घ्या, सांगतो.

साठ साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. मी मुंबईत, खनिजं शोधणाऱ्या एका सरकारी खात्यात हंगामी नोकर होतो. उपग्रह नुकतेच आभाळात फिरायला लागले होते, पण त्यांचे फोटो आमच्या वाट्याला कुठले यायला? आम्हाला विमानातून काढलेले फोटो मिळायचे, कपाटभर. भिंगाखाली धरून जमिनीवर काय आहे ते ओळखायचं, हे माझं काम. आणि त्यात माझा हात धरणारा खात्यात कोणी नव्हता, हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो.

तर एक दिवस टेबलावर आले मालवण तालुक्याचे फोटो. त्यात आमच्या गावाच्या शिवेपलीकडचं तळं! तीन वर्षांचे तीन फोटो. दोन फोटोंत पाणी काळंभोर. तिसऱ्यात अर्धं तळं दुधासारखं पांढरं.

मी भिंग पुसून पुन्हा बघितलं. नुकतंच एका परदेशी मासिकात वाचलं होतं, की काही तळ्यांत ऊन तापलं की पाण्यात विरघळलेला चुना आपोआप वेगळा होतो, पाणी एकाएकी पांढरं दिसतं आणि मग चुना सावकाश तळाशी बसतो. तेच हे! आणि शोध कोणाचा? माझा. तळं कोणाचं? माझ्याच गावाजवळचं.

बारा पानी अहवाल ठोकला. पांढऱ्या पाण्यात अकरा काळे ठिपके होते, ते खडक म्हणून नोंदवले, क्रमांक घालून. सातवा इतरांपासून दूर, भर पाण्यात. त्याच्यावर मी वेगळा परिच्छेद लिहिला. काठावर बारीक ठिपक्यांची गर्दी होती, तिला झुडुपं म्हटलं. फोटोच्या कोपऱ्यात तारीख होती, तीही तीन ठिकाणी उतरवली. नुसती उतरवली. तारखेचा विचार करायला मला वेळ कुठे होता?

आमचे साहेब नागपूरकडचे, मितभाषी. त्यांनी अहवाल दोनदा वाचला. म्हणाले, हे खरं निघालं तर तुम्हाला कायम करतो आणि कोकणातली सगळी तळी तुमच्याकडे देतो. मग चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, "पाण्यातलं काम आहे. पोहता येतं ना?"

"साहेब, मी मालवणचा," मी म्हणालो.

यात खोटं काय होतं, सांगा.

महिन्याभराने साहेब स्वतः तळं बघायला आले. मी होडी सांगून ठेवली होती. पाणी काळंभोर, पण त्याची तयारी माझ्याकडे होती. चुना तळाशी बसला, असं मी ऐटीत सांगितलं. साहेब म्हणाले, ठीक, आपण खडक क्रमांक सातकडे जाऊ.

गेलो. खडक नाही. होडीवाल्याने बांबू खाली घातला, तर पुरा बांबू बुडाला तरी तळ लागेना. सहा नंबर नाही, पाच नाही. अकराच्या अकरा खडक बेपत्ता! साहेब माझ्या अहवालातला एकेक क्रमांक पेन्सिलीने खोडत होते. माझी कायमची नोकरी त्या पाण्यात बुडताना मला दिसत होती. होडीची कड मी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलो होतो.

काठाला आलो तर आई साहेबांसाठी शहाळी घेऊन उभी. साहेबांनी अदबीने विचारलं, इथले खडक कोणी फोडले का हो? आईने फोटो मागितला, भिंग डोळ्याला लावलं आणि गालात हसायला लागली.

"सायबानू, खडक खंयचे? ही म्हसरां आसत. तेवा आमची गावपळण होती."

आता गावपळण म्हणजे काय, ते साहेबांना कुठलं माहीत? आमच्याकडे काही वर्षांनी देवाचा कौल घेतात आणि अख्खा गाव, गुरंढोरं, कोंबड्या-कुत्र्यांसकट, शीव ओलांडून तीन दिवस बाहेर राहतो. त्या वर्षी गाव राहिला होता या तळ्याच्या काठी. माझी झुडुपं म्हणजे आमच्या झावळ्यांच्या खोपी!

"आणि पाणी पांढरं?" साहेबांनी विचारलं.

"बुडाक शाडू आसा. गणपतीची माती आमी हयसूनच नेतव. तीन दिवस म्हसरां डुंबली, पाणी ढवळला."

शाडू! लहानपणापासून ज्या पांढऱ्या मातीचा गणपती पुजला, ती मी बारा पानांत विसरलो होतो.

मी घाईघाईने फोटो गोळा करायला लागलो, पण आईचं बोट सातव्या खडकावर पोचलं होतं.

"ही आमची चंद्री. मधी जावन रवली, काय केल्या बाहेर येय ना. आणि तिच्या पाठीर ह्यो बसललो. पवूक येना नाय ना ह्याका!"

"आये, गप रव," मी म्हणालो. मला पोहता येत नाही, हे साहेबांपुढे कशाला?

"गप कित्याक? वरसून इमान गेला, तेवा दोनी हात वर करून हाका मारलंस ना, माका वाचवा म्हणान?"

मारल्या होत्या. रजा काढून गावपळणीला आलो होतो, म्हशीला धुवायला म्हणून तिच्यावर बसलो, आणि ती मला घेऊन खोल पाण्यात गेली. ती दुपार मी मोठ्या कष्टाने विसरलो होतो. विमानाने मला वाचवलं तर नाहीच, वर फोटो काढून माझ्याच टेबलावर पाठवला.

साहेबांनी भिंग घेतलं आणि बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. शहाळं मात्र सगळं संपवलं.

कायम केलं हो मला! माणूस बारकाईने बघतो, असा शेराही दिला. फक्त नेमणूक तळ्यांवर नाही, मुंबईच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर, नकाशांच्या कपाटापाशी. निवृत्तीपर्यंत तिथेच होतो.

अहवाल त्याच कपाटात होता. सातव्या खडकाच्या परिच्छेदाशेजारी साहेबांनी लाल शाईने लिहिलं होतं: 'प्रत्यक्ष पाहणी केली. खडक आढळला नाही. त्यावर बसलेला आपल्याच खात्याचा आहे.'