अंगठा माझा, बैठक त्यांची

अजून आठवलं की डोकं तापतं. माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याशी हाड बाहेर आलं होतं आणि अंगठा शेजारच्या बोटावर चढून बसला होता. शाळेत दिवसभर उभं राहून गणित शिकवायचं, तर दुपारनंतर पाऊल टेकवत नसे. ऑपरेशन करून घ्यायचं मी ठरवलं. कसलं करायचं, ते मात्र तमिळ मुलखातल्या, राजवाड्यामागच्या आमच्या मराठी घरात बाकीच्यांनी ठरवायला घेतलं.

तेव्हा जिकडेतिकडे नव्या खासगी इस्पितळांचे फलक लागत होते. थोरल्या दिरांनी केबलवर पाहिलं होतं, की आता बारीक छिद्रं पाडून, पडद्यावर एक्स-रे बघत हाड सरळ करतात. जुन्या पद्धतीत कातडी उघडून, हाड कापून, तार घालून बसवतात. व्रण केवढा राहील, सूज कधी उतरेल, हे त्यांनी रोज जेवणानंतर चघळलं. सासूबाईंना एकच हवं होतं. "छिद्राचंच करून घे. मेट्टी काढाय नको," त्या म्हणाल्या. जोडव्याला आमच्याकडे मेट्टीच म्हणतात, आणि नवरा असेपर्यंत ती बोटातून निघत नाही. छिद्राच्या ऑपरेशनात ती काढावी लागत नाही, हे त्यांना कोणी सांगितलं? कोणीच नाही. छिद्र अंगठ्याला, मेट्टी शेजारच्या बोटात, एवढंच यांचं शास्त्र. आणि बँकेत साहेब असलेला माझा नवरा त्यावर मान डोलवत होता!

तिरुच्चीत दोन्ही प्रकारची ऑपरेशनं करणारे एक डॉक्टर होते. आम्ही चौघं त्यांच्याकडे गेलो. त्यांनी एक्स-रे उजेडात धरला, माझं पाऊल दाबून पाहिलं आणि तमिळमध्ये म्हणाले, "मेट्टी काढावी लागेल. ऑपरेशन कुठलंही असो."

सासूबाई उठल्याच. "मग ऑपरेशनच नको. चला." दीर उठले. नवराही दाराकडे वळला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या चर्चेत माझा पाय कोणाच्या खिजगणतीतच नव्हता.

मी बसूनच राहिले. "डॉक्टर, मला वर्गात उभं राहायचंय. कुठलं करू?"

"वाकडेपणा कमी असता तर छिद्रांचं केलं असतं. तुमचा अंगठा फार वाकलाय. उघडून केलं तर हाड डोळ्यांसमोर नीट बसवता येईल. ते जुळायला वेळ दोन्हीत साधारण सारखाच."

"मग उघडा," मी म्हटलं आणि तिथंच वाकून मेट्टी ओढली. सुजलेल्या बोटातून ती निघेना. कातडी सोलली, तेव्हा निघाली. ती नवऱ्याच्या हातात ठेवली.

सासूबाई ओरडल्या, "अगं, तो जिता आहे अजून!"

"आहेत ना," मी म्हटलं. "मग इतक्या दिवसांत एकदा तरी विचारायचं होतं, दुखतं का म्हणून."