छातीला लावलेला कान

दिवाळी सरली की आमच्या देवरीकडे मळणीयंत्रं सुरू होतात आणि गावावर धानाच्या तुसाचा धुरकट पिवळा पडदा उतरतो. आज सकाळी तो वास आला, गोडसर, उबदार, घशाला खाजवणारा, आणि मी लगबगीनं खिडक्या लावून घेतल्या. अंगणातल्या तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगावरून धाकट्या जावेचा मुलगा घसरत होता. केसांत, कानांत, नाकात तूस. माझी लेक काचेला नाक लावून त्याला पाहत होती. दोघं एकाच श्रावणात, आठ दिवसांच्या अंतरानं जन्मलेली, आता सहा वर्षांची. खरं सांगते, त्या पोराचं ते बेफिकीर धापा टाकणं माझ्या डोळ्यांत खुपतं. धापा माझी मुलगीही टाकते, पण तिच्या धापेबरोबर मला श्वासाचा पंप शोधावा लागतो.

सहा वर्षांपूर्वीची मंडई आठवते. दिवाळीनंतरच्या या जत्रेला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, रात्रभर दंडारीचं लोकनाट्य रंगतं, घर पाहुण्यांनी फुलतं. माझ्या माहेरी, नवेगाव बांधला, पहिल्या मंडईला लेकीचं बाळ न्यायचंच आणि आल्यागेल्या प्रत्येकाच्या मांडीवर द्यायचं, अशी रीत. कुणाची मांडी चुकली तर तो वर्षभर बोलून दाखवतो. जावेलाही तिच्या माहेरचं बोलावणं होतं. ती म्हणाली, ‘‘मी नाही जात जी बाई. सारे खोकलून राहिले तिकडे. एवढ्याशा लेकराले कायले नेऊ?’’ मी तिला घरकोंबडी म्हणून चिडवलं आणि तीन महिन्यांच्या लेकीला काजळाची तीट लावून बसमध्ये चढले. दृष्ट लागू नये म्हणून एवढी काळजी. पण शिंकणाऱ्या मावशीच्या कुशीतून मी तिला काढून घेतलं नाही. मावशीला वाईट वाटलं असतं.

चार दिवसांनी लेकीचं नाक गळू लागलं, मग ती दूध ओढेना, श्वासागणिक बरगड्यांखाली खळगे पडू लागले. गोंदियाच्या दवाखान्यात ती नाकात नळी लावून निजली होती आणि मी तिच्या पोटाचं वरखाली होणं पाहत बसले होते. सर्दी गेली, पण नंतरची प्रत्येक सर्दी थेट छातीत उतरायची आणि शिट्टी वाजवायची. शेवटी डॉक्टरांनी दमा हे नाव घेतलं. ‘‘मंडईतल्या सर्दीनंच ना?’’ मी विचारलं. ‘‘ऐसा पक्का नहीं बोल सकते, ताई,’’ ते म्हणाले. तान्हेपणी विषाणूची सर्दी अशी छातीत बसलेल्या मुलांना पुढे दमा होण्याचा संभव जास्त, हे खरं. पण सर्दीनं श्वासनळ्या नाजूक केल्या, की त्या मुळातच नाजूक होत्या म्हणून सर्दी तिथवर पोचली, हे एका मुलाकडे बोट दाखवून सांगता येत नाही. दुसरी एखादी या उत्तरानं सुखावली असती. मला मात्र एवढंच दिसतं की जाऊ घरी राहिली आणि तिचं पोर धडधाकट आहे. तिनं कधी एका शब्दानं टोमणा मारला नाही, याचाही मला राग येतो. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

गेल्या आठवड्यात त्याला सर्दी झाली. जाऊ त्याला कडेवर घेऊन धावतच माझ्याकडे आली. ‘‘बाई, आयका ना जी. याची छाती वाजून राहिली का? तुमालेच समजते.’’ मला समजतं, ते कसं समजू लागलं हे तिलाही ठाऊक होतं. मी त्याचा सदरा वर केला आणि त्याच्या कोमट पाठीला कान लावला.

मी शिट्टी शोधत होते. म्हणजे, ती असावी म्हणून शोधत होते. एका बाजूला ऐकलं, दुसऱ्या बाजूला ऐकलं, पुन्हा पहिल्या बाजूला आले. श्वास आत जात होता, बाहेर येत होता, कुठेही अडत नव्हता. हे सांगायला एक शब्द पुरला असता. मी कान काढला नाही. तिचा चेहरा पांढरा पडत चालला होता आणि मी तो पाहत राहिले.

‘‘काही नाही, साधी सर्दी आहे,’’ मी शेवटी म्हणाले. तिनं रडत माझे हात धरले. मोठी होईल तशी लेकीची छाती मोकळी होईलही, असं डॉक्टर म्हणतात. ते पाहायला मी आतुर आहे. पण त्या दिवशी जावेला ताटकळत ठेवायला लावणारं जे काही होतं, ते कुठल्या सर्दीनं माझ्यात आलं, की मुळातच होतं, हे मला कुणाला विचारायचं धाडस होत नाही.