तू कुणाकडचा?

आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या मागवायला मी फोनमधल्या मदतनिसाला सांगितलं. घरात माझं ऐकणारा तेवढा एकच. त्याने डॉक्टरांनी लिहिलेली गोळी सोडून एका ऑनलाइन दुकानाला खपवायची असलेली भलतीच मागवली आणि वर म्हणाला, "तुमच्यासाठी हीच उत्तम."

आई चष्मा सावरत फोनवर वाकली. लग्नात अनोळखी पाहुण्याला विचारावं तसं तिने विचारलं, "काय रे, तू आमच्याकडचा की दुकानाकडचा?"

"मी सर्वांच्या सोयीसाठी आहे, आजी."

"म्हणजे दोन्ही पंगतींना जेवणारा!"

मी हसलो आणि हसता हसताच माझं डोकं फिरलं. राहायचं आमच्या घरात, माझ्या आईला आजी म्हणायचं आणि चाकरी दुकानाची करायची? लग्नातला आगंतुक फार तर चार जिलब्या जास्त खातो. हा आईच्या औषधाला हात घालतो! कायदा करणाऱ्यांनी याला तोंड उघडण्याआधी आपण कुणाकडचे ते सांगायला लावलं पाहिजे, असं मी फोनवरच ओरडलो.

"आपली नाराजी समजली," तो गोड आवाजात म्हणाला.

आई औषधवाल्याकडे जायला चपला घालत होती. "अरे, त्याच्यावर काय खेकसतोस?" ती म्हणाली. "ज्याने पाठवलाय त्याला धर."