गौरीच्या निऱ्या आणि जावेची गोळी

गाजरगवत फुललं की माझ्या आणि माझ्या धाकट्या जावेच्या शिंका एकदमच सुरू होतात. माझी नेहमीची गोळी घेतली की मी पेंगते. तिची गोळी वेगळी, ती घेऊन बाई दिवसभर टवटवीत. गेल्या वर्षी गौरी सजवताना मी जरा भिंतीला टेकले, ती आरतीलाच जागी झाले. तोवर तिनं दोन्ही गौरींना साड्या नेसवल्या होत्या. गल्लीतल्या बायका कितीतरी दिवस त्या निऱ्यांबद्दल बोलत होत्या. थोरली मी आणि नाव तिचं. वर्षभर सलत राहिलं.

यंदा कोरेगावच्या स्टँडजवळच्या मेडिकलमध्ये गेले. "माझी जाऊ नेते तीच द्या."

दुकानदारानं पाकीट काढलं, पण हातातच धरलं. "काकी, ह्यात नाक मोकळं करायचं औषधबी हाय. बीपीची गोळी चालू हाय का?"

"न्हाई," मी म्हणाले. रोज सकाळी घेत होते.

"असंल तर साधी देतो. तिनंबी फार झोप येत न्हाई."

"हीच द्या."

गौरी बसवायच्या सकाळी एक घेतली. शिंका थांबेनात म्हणून तासाभरात दुसरी. साडी हातात घेतली आणि छाती धडधडायला लागली. बोटं थरथरत होती, निऱ्या सुटत होत्या. जावेनं मला खाली बसवलं आणि पाकीट बघितलं.

"आवं अक्का, तुमास्नी बीपी हाय न्हवं? मला इचारायचं तरी!"

तिलाच तर विचारायचं नव्हतं.

गौरी तशाच सोडून तिनं मला स्कूटीवरून दवाखान्यात नेलं. बीपी बरंच वाढलं होतं. "वेळेवर आणलंत," डॉक्टर तिला म्हणाले. कॉटवर पडल्यापडल्या मला तेही टोचलं.

दुपारी बरं वाटलं. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी मेडिकलवाला देत होता तीच साधी. घरी आल्यावर जावेनं मला खुर्चीत बसवलं. "तुमी सांगा, मी नेसवते." मी सांगत गेले, ती निऱ्या घालत गेली.

संध्याकाळी बायकांनी कौतुक केलं तेव्हा ती म्हणाली, "सगळं अक्कांनी सांगितलं तसं केलं."

मी हसले. मनात म्हटलं, आता मोठेपणाही हिनंच घेतला.