डब्यात गेलेली कालीबाईची गाणी

हेमकांतने घाटातल्या डब्यात जो पेनड्राइव्ह टाकला, तो चुकीचा होता. टाकायचा होता तो त्याच्या खिशातच राहिला, आणि संध्याकाळी तोच त्याने जीपवाल्या दिलवरसिंगला मोठ्या मनाने, चहा पाजून दिला. मग घरी जाऊन पोटभर जेवला.

दोन्ही पेनड्राइव्ह लाल होते. सुरतेहून तो ते ठोकात आणतो, आणि ठोकात आलेल्या वस्तूंना चेहरा नसतो.

तळोद्याच्या बसस्टँडसमोर हेमकांतचं मोबाईलचं दुकान आहे. वडील बन्सीलाल यांची तापीकाठी केळी. पोराने बागेत उभं राहून पाण्याकडे लक्ष द्यावं, एवढीच त्यांची अपेक्षा. हेमकांत उभा राहिला, पण कानात हेडफोन घालून. मोटर जळाली, धूर निघाला, तरी हा मान डोलावत होता. त्यानंतर बन्सीलालनी स्वतःहून त्याला दुकान काढून दिलं. बागेला ते स्वस्त पडलं.

दुकानावर पाटी होती, 'गाणी भरून मिळतील'. डोंगरात नेटवर्क नव्हतं, आणि ज्या जीपमध्ये गाणी चांगली ती जीप आधी भरायची, त्यामुळे सगळे जीपवाले त्याच्याकडे. पण हेमकांत गाणी नुसती भरत नसे. एकाला दुसरं जोडायचा, खाली ढोल घालायचा, आणि दर अर्ध्या मिनिटाला विहिरीतून आल्यासारख्या आवाजात ओरडायचा, 'हेमकांत मोबाईल, तळोदा!' याला तो मिक्स म्हणायचा.

बन्सीलालनी एकदा दुकानात बसून मिक्स पूर्ण ऐकला. बाजारात सगळ्यांची बोली अहिराणी, आणि दुकानात बसले की तेही तीच बोलायचे.

"गानं दुसरानं, बाजा दुसराना. तुन्हं त्यामा काय शे रे?"

"नाव मन्हं शे ना," हेमकांत म्हणाला.

पुढे मोबाईलवर गाणी फुकट झाली आणि पाटीवर धूळ बसली. अशा पडत्या काळात यामिनी नावाची पुण्याची मुलगी चार्जरची वायर घ्यायला आली. सातपुड्यात भटकायला आली होती. तिने सांगितलं, एक खेळ आहे. कुठेतरी डबा लपवायचा, त्याचं ठिकाण अॅपवर टाकायचं. लोक शोधत येतात, वहीत नाव लिहितात, डब्यातली एखादी वस्तू घेतात आणि तिच्या तोलाची दुसरी ठेवतात. जगभर चालतो. हेमकांतला खेळ अर्धाच समजला, पण 'जगभर' पुरता समजला. घरी केलेला मिक्स ठेवला तर चालेल का, असं त्याने विचारलं. चालेल काय, धावेल, असं ती म्हणाली आणि वायर घेऊन गेली.

त्याने शेवेची रिकामी बरणी धुतली, चांदसैलीच्या घाटात एका वळणावर दगडाआड ठेवली, आणि सातपुड्याचा आवाज आता परदेशात जाणार म्हणून नवा शर्ट घालून फोटोही काढला. गेला मात्र खरोखरच सातपुड्याचा आवाज.

कारण बरणीत गेलेल्या पेनड्राइव्हमध्ये दिलवरसिंगच्या आईची, कालीबाईची गाणी होती. पुतणीच्या लग्नात ती रात्रभर गायली होती, दिलवरसिंगने ती मोबाईलवर घेतली, आणि मोबाईल बंद पडल्यावर हेमकांतने ती मोठ्या खटपटीने वाचवली. दिलवरसिंगची मुलगी रिना सुरतेच्या एका दवाखान्यात नर्स आहे. आजीचा आवाज पाठवा, झोप लागत नाही, असं तिने कळवलं होतं. गाणी पेनड्राइव्हवर उतरली तशी हेमकांतने कॉम्प्युटरमधून पुसून टाकली. मिक्सला जागा लागत होती.

दोन दिवसांनी दिलवरसिंगने दुकानासमोर जीप उभी केली. सुरतेला पाठवण्याआधी आईला एकदा ऐकवावं म्हणून त्याने पेनड्राइव्ह जीपमध्ये लावला होता. तेव्हा पुढच्या सीटवर कालीबाई, मागे गच्च माणसं.

"हेमुभाऊ," तो शांतपणे म्हणाला, "मन्ही माय इचारी ऱ्हायनी, लगीन कोनं शे? हाऊ मानूस घडीघडी सोतानंच नाव काबरं ली ऱ्हायना?"

डब्यात काय गेलं ते हेमकांतला आता कळलं. दोघं तसेच घाटात गेले. बरणीत पेनड्राइव्हऐवजी छोटं होकायंत्र लावलेली कीचेन होती आणि वहीत पुण्याच्या कोणा नवनीतची सही.

अॅपवरून निरोप पाठवला. नवनीतचं उत्तर लगेच आलं, आणि कौतुकाने ओथंबून आलं. इतका अस्सल माल आजवर कुठल्याच डब्यात मिळाला नव्हता म्हणे. पेनड्राइव्ह मात्र त्याने ट्रेकचे फोटो भरण्यासाठी पुसला होता. पण काळजी नको. गाणी वाया जाऊ दिली नाहीत, त्यांचा मिक्स केलाय, सोबत पाठवतो.

दुकानात दोघांनी तो ऐकला. कालीबाईचा आवाज संथ केलेला, खाली झऱ्याची झुळझुळ, आणि थोड्या थोड्या वेळाने कानाशी कुजबुजल्यासारखं, 'नवनीत... पुणे'.

हेमकांत खवळला. गाणं दुसऱ्याचं आणि नाव स्वतःचं घुसडायचं, माणसाला काही लाज, असं तो बराच वेळ बोलत राहिला. दिलवरसिंग त्याच्याकडे नुसता बघत होता. हेमकांतचा आवाज आपोआप खाली आला. नवनीतला तसं कळवल्यावर त्याने नम्रपणे लिहिलं, की त्याने नियमाप्रमाणे होकायंत्र ठेवलं आहे.

मग हेमकांतने झरा काढला, वेग पूर्ववत केला, एकेक 'नवनीत' कापला. पण नावाबरोबर खालचे शब्दही जायचे. नवरी उंबऱ्यापर्यंत यायची आणि तिथेच अडकायची. असं अडकलेलं गाणं रिनाला पाठवायला दिलवरसिंग तयार होईना. ती रोज फोन करायची, आणि तो दुकानावर ढकलायचा. जीप आता तो स्टँडच्या पलीकडे लावू लागला.

शेवटी हेमकांत स्वतः डोंगर चढून कालीबाईकडे गेला. तिने ऐकून घेतलं आणि सांगितलं की लग्न नसताना लग्नाचं गाणं ती म्हणत नाही. यंत्रासाठी तर नाहीच. भावकीतल्या जामसिंगच्या घरी होळीनंतर लग्न आहे, तेव्हा ये.

हेमकांत गेला. रात्रभर बायकांच्या घोळक्याशेजारी मोबाईल धरून बसला आणि एकदाही तोंड उघडलं नाही. त्याच्या आयुष्यातला हा सर्वांत अवघड मिक्स. पहाटे त्याने तिथूनच नेटवर्क मिळेल त्या टेकाडावर जाऊन गाणी रिनाला पाठवली, न कापता, न जोडता. सकाळी तिचा निरोप आला की ड्यूटीवर उशीर झाला, झोप लागली होती. दिलवरसिंगने तो आईला वाचून दाखवला.

हेमकांत हात जोडून निघाला, तर कालीबाई तिच्या बोलीत काहीतरी म्हणाली आणि बायका हसल्या. दिलवरसिंगने अर्थ सांगितला.

"माय म्हनस, गानं लीसन चालना, तर एक गानं ठेवीसन जा."

हेमकांतने खिशातला मोबाईल काढला. कालीबाईने मान हलवली आणि बोटाने त्याचा गळा दाखवला. एवढी वर्षं गाण्याच्या धंद्यात काढलेला हा माणूस घसा खाकरून उभा राहिला. शाळेतली प्रार्थना आठवली, तीही दुसऱ्या ओळीत संपली. बायका पदर तोंडाला लावून वाट बघत होत्या. मग कालीबाईने हातानेच खूण केली, राहू दे, सवडीने दे.

जीप आता पुन्हा दुकानासमोर लागते. बाजाराच्या दिवशी कालीबाई पुढच्या सीटवरून खाली न उतरता त्याच्याकडे बघते. हेमकांत दुकानात गिऱ्हाईक असल्याचं दाखवतो, आणि नसलंच तर सांगतो, पुढच्या बाजारी नक्की.