टीचरांच्या कॉम्प्युटरवरचा पाहुणा

बोटाच्या पेराने टेबलावर टकटक करायची आणि म्हणायचं, "उत्तर नको. रीत दाखव." पापडी गावातल्या आमच्या गल्लीत हे ऐकलं नाही असा माणूस सापडायचा नाही. टीचर शाळेतून निवृत्त झाल्या, पण गणित काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. भाजीवालीने एकूण आकडा सांगितला की टकटक. डॉक्टरांनी "शुगर वाढलीय" म्हटलं की टकटक. साठीच्या माणसालाही त्या 'तू' म्हणत आणि तो मुकाट्याने ऐकून घेई.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. त्यांच्या वाडीला लागून उठलेल्या बिल्डिंगीत राहायला आलो, तेव्हा कुंपणावरून केळ्यांची फणी देत त्यांनी पहिला प्रश्न केला, "तू कॉम्प्युटरचं काम करतोस ना? मग उपयोगाचा आहेस." अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती ओळख करून घेत नाहीत, थेट कामालाच लावतात.

त्यांचा धाकटा मुलगा जहाजावर होता. जहाज बंदराला लागलं की तो हॉलमधल्या कॉम्प्युटरवर आईशी बोलायचा. टीचर स्क्रीनला नाक लावून त्याला विचारत, "जेवलास काय? सगळं सांग, नुसतं 'हो' नको."

मग एका दुपारी कंपनीचा माणूस आला. मुलगा ड्युटीवरून परतलाच नव्हता. जहाजभर शोधलं, पाण्यात शोधलं. समुद्रात पडला असावा, असं तो म्हणाला. टीचरांनी त्याच्यापुढेही टकटक केली.

"असावा, हे तुझं उत्तर झालं. रीत दाखव."

त्याच्याकडे रीत नव्हती. देह नव्हता, पडताना पाहणारं कोणी नव्हतं. टीचरांची मुलगी रडून थकली. फादर घरी येऊन गेले, मृतासाठी चर्चमध्ये प्रार्थनेचा मिस्सा अर्पण करू म्हणाले. टीचरांचं एकच म्हणणं होतं, "जिवंत माणसाच्या नावाने मी असला मिस्सा करणार नाही." आणि तेव्हापासून तो कॉम्प्युटर त्यांनी बंद केला नाही. लाइट गेले आणि आले की देव्हाऱ्यासमोरच्या बल्बाआधी तो सुरू व्हायचा. त्याच्यासमोर बसून त्या गल्लीतल्या मुलांची शिकवणी घेत. मुलांना अपूर्णांक शिकवतानाही एक डोळा स्क्रीनवर असे. आम्ही सगळे ते बघत होतो आणि बघितलं नाही असं करत होतो. दुसरं काय करणार?

काही वर्षांनी एका रविवारी त्यांनी कुंपणापाशी येऊन मला हाक मारली. आवाज नेहमीचा नव्हता.

"हे बघ. सी होता, डी होता. आता हा जी आलाय. मी काही केलं नाही."

स्क्रीनवर खरंच नवा ड्राइव्ह दिसत होता. उघडायला गेलं की आत डिस्क घाला असा निरोप यायचा. मी म्हटलं, व्हायरस असेल. तपासून पाहिलं, नव्हता. मागून-पुढून चाचपलं, कुठे पेनड्राइव्ह अडकलेला नव्हता. टीचर माझ्या खुर्चीची पाठ धरून उभ्या होत्या. मग हळूच म्हणाल्या, "तो असेल काय रे? तिकडून कुठून तरी जोडायला बघत असेल आणि जुळत नसेल?"

जन्मभर दुसऱ्यांची गणितं तपासलेली ही बाई इथे येऊन पोचली होती.

तेवढ्यात माझं लक्ष टेबलाच्या कडेला गेलं. तिथे क्रोशाच्या रुमालाखाली नवा प्रिंटर होता. तो आदल्या दिवशी मुलीने विरारहून आणून जोडून दिला होता. मी रुमाल उचलला. खाली, कॅमेऱ्याचं कार्ड घालायची बारीक खाच होती, रिकामी. कॉम्प्युटर त्या खाचेलाच ड्राइव्ह समजत होता.

मी रुमाल परत टाकला आणि म्हणालो, "काही नाही टीचर, असं येतं कधी कधी."

टकटक.

मी मुलीकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने मान खाली घातली. शेवटी मी प्रिंटरची वायर उपसली. जी गेला. वायर लावली. जी आला.

"परत कर," टीचर म्हणाल्या. मी परत केलं. "आणखी एकदा." केलं. मग त्यांनी मला बाजूला सारलं आणि वायर स्वतःच्या हातात घेतली. काढली, लावली, काढली. प्रत्येक वेळी स्क्रीनकडे बघत होत्या. मला त्या वेळी प्रिंटर, कॉम्प्युटर, माझी नोकरी, सगळ्याचाच राग आला.

"हा प्रिंटर शिकवणीची गणितं छापायला आणलास ना?" त्यांनी मुलीला विचारलं.

मुलगी म्हणाली, "नाय आई. त्याच्या मिस्साची कार्डं छापायला आणला. तुला सांगायचं धाडस होत नव्हतं."

टीचर रागावल्या नाहीत. खाली बसल्या. वायर मांडीवर तशीच होती. मग मला म्हणाल्या, "बंद कसा करतात, ते दाखव." इतकी वर्षं तो चालू ठेवणाऱ्या बाईला ते माहीतच नव्हतं.

पुढच्या महिन्यात मिस्सा झाला. देऊळ, इथे चर्चला देऊळच म्हणतात, भरलं होतं. टीचर पहिल्या बाकावर ताठ बसल्या होत्या, रडल्या नाहीत. त्यानंतर शिकवणी सुटली. भाजीवाली सांगेल तेवढे पैसे त्या देऊ लागल्या. गल्लीला त्याचीच जास्त भीती वाटली.

नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी मी त्यांना स्कूटरवरून दफनभूमीत नेलं. घरोघरची माणसं आपापल्या कबरी धुऊन, झेंडू वाहून, मेणबत्त्या लावून उभी होती. टीचरांनी नवऱ्याच्या, म्हणजे सरांच्या, कबरीवर मेणबत्ती लावली. पिशवीत आणखी एक होती. ती हातात घेऊन त्या या रांगेतून त्या रांगेत फिरल्या, आणि पुन्हा माझ्याजवळ आल्या.

"ही कुठे लावू रे?"

मी म्हटलं, सरांच्याच शेजारी लावा. त्यांनी मान हलवली. "तिथे लावली तर ती त्यांची होते."

लोक पांगले. फादर निघून गेले. टीचर ती मेणबत्ती मुठीत धरून स्कूटरवर माझ्या मागे बसल्या आणि आम्ही घरी आलो. पुढे त्या वारल्या तेव्हा मुलीला ती त्यांच्या कपाटात सापडली. वात कोरीच होती.