ओझेला मॅप कोर्टात ओरडली त्याची गोष्ट

ओझेला मॅपच्या तोंडाला लगाम नाही, हे टॅल्बर्ड गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. शाळेच्या स्वयंपाकघरात ती डाव घेऊन उभी राहिली की मुख्याध्यापकसुद्धा मुकाट्याने पालेभाजी ताटात घेत. "पाद्रीसाहेब, आटपा आता, कोंबडी गार होतेय," असं भर चर्चमध्ये म्हणायची छाती दुसऱ्या कुणाची होती? लोक हसत, आणि सगळ्यांत मोठ्याने तीच हसे. पण एकदा ती नको तिथे ओरडली, आणि त्या ओरडण्याने पुढे सहा वर्षं तिचा जीव खाल्ला.

झालं असं, की शेजारचा रॉस्को बीम त्याच्या शेडमागे डोकं फुटून मरून पडला. सापडला तो थॅडला. थॅड म्हणजे ओझेलाच्या भावाचा मुलगा, आईबाप गेल्यावर तिनेच वाढवलेला. पोराने रॉस्कोच्या अंगावरचं फावडं उचलून बाजूला टाकलं आणि मदतीला धावला. फावड्यावर ठसे उमटले ते त्याचेच. पोलिसांना आणखी काय हवं!

पोलीस थॅडपर्यंत पोचायच्या आधी ओझेलाने टॅल्बर्डमधली कुठलीही बाई करेल तेच केलं होतं. काचेच्या भांड्यात मॅकरोनी-चीज भाजलं, भांड्याच्या बुडाला आपल्या नावाची चिकटपट्टी लावली आणि रॉस्कोच्या बायकोच्या, डोशियाच्या घरी नेऊन दिलं. दुखवट्याच्या घरी चूल पेटू द्यायची नसते. डोशियाने पुढे भांडं घासून परत पाठवलं, तेही पिकान, म्हणजे अक्रोडासारखा सुका मेवा, भरून, कारण भांडं रिकामं परत करणं आपल्यात शोभत नाही.

पण खटला चालला दूरच्या शहरात आणि ज्यूरीही तिथलीच, तिला ही गावची रीत काय ठाऊक! सरकारी वकील क्रेन शेवटच्या भाषणाला उभा राहिला, गळ्यात गहिवर आणून.

"मंडळी, प्रेत गार व्हायच्या आत आरोपीच्या घरून जेवण गेलं! निष्पाप माणसाला एवढी घाई असते? त्या विधवेने ते उकिरड्यावर फेकलं, कारण खुनी कोण हे तिला ठाऊक होतं!"

अख्ख्या खटल्यात हे कुणीही बोललेलं नव्हतं. डोशियाला साक्षीला बोलावलंच नव्हतं. थॅडचा वकील, म्हातारा पर्विस, कागदात नाक खुपसून बसलेला. आता गप्प बसेल ती ओझेला कसली!

"खोटारड्या! डोशियाने भांडं पिकान भरून पाठवलं! त्याचा केक करून मी या पर्विससाहेबांना खाऊ घातलाय, विचार त्यांना!"

न्यायाधीशांनी हातोडा आपटला. दोन शिपायांनी तिला दंडाला धरून बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. आत न्यायाधीशांनी ज्यूरीला समजावलं की फावड्यावर ठसे कसे आले ते आरोपीनेच पटवून द्यायचं. म्हणजे उलटी गंगा! सिद्ध करायचं सरकारने, आणि ओझं पोराच्या डोक्यावर. ज्यूरीने थॅडला दोषी ठरवलं. जन्मठेप.

ओझेलाने मनाशी धरलं, की ज्यूरी बिथरली ती आपल्यामुळे. आपल्या जिभेने आपलं पोर आत गेलं. ती चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायला लागली, शाळेत मुकाट वाढायला लागली.

"अगं, कुणाला तरी एक शिवी दे," तिची मैत्रीण इयुला म्हणे. "तुझ्या भाजीला चव राहिली नाही."

अपिलाचं काम कॉर्नेलिया नावाच्या तरुण वकीलबाईंकडे आलं. त्या म्हणाल्या, "मिस ओझेला, मुद्दे दोन आहेत. वकील जे बोलला ते पुराव्यात नव्हतं, आणि न्यायाधीशांनी ज्यूरीला चुकीचं सांगितलं. पण सरकार म्हणणार, की भाषणावर तेव्हाच हरकत घेतली नाही, मग आता रडून काय उपयोग."

"आणि घेतली होती का?"

"कोर्टातच बघा," असं म्हणून बाई गालात हसल्या.

अपिलाच्या सुनावणीला अटलांटाच्या कोर्टात चर्चची व्हॅन भरून माणसं गेली. इयुलाने ओझेलाच्या तोंडात पेपरमिंटची गोळी कोंबली. "ही चघळ. तोंड उघडलंस तर मी तुझ्या मांडीवर बसेन, आणि माझं वजन तुला माहीत आहे."

सरकारचा वकील ठासून म्हणाला, की हरकत घेतलेलीच नाही. कॉर्नेलियाबाईंनी जुन्या खटल्याची शब्दशः नोंद उघडली आणि शांतपणे वाचायला सुरुवात केली. खोटारड्या, पिकान, केक, सगळं. मग पुढचं: "न्यायाधीश: त्या बाईंना बाहेर न्या. मिस्टर पर्विस, ही तुमची हरकत समजू का? पर्विस: अं... हो, हो. माझीच हरकत, महाराज. केक उत्तम होता. न्यायाधीश: हरकत फेटाळली."

अख्खं कोर्ट हसलं. तिघांतल्या मधल्या न्यायमूर्तीबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले आणि सरकारच्या वकिलाकडे वळल्या. "फेटाळायला आधी घ्यावी लागते ना? आता सांगा, ही उकिरड्याची गोष्ट कुठल्या साक्षीत आहे?"

"कुठल्याच नाही, महोदया."

ओझेला हुंदके द्यायला लागली. दार लागल्यानंतरचं हे बोलणं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. "इयुला, मी त्याला बुडवलं नाही गं!"

"वेडे, तूच पर्विसला जागं केलंस," इयुला म्हणाली, आणि तीही रडायला लागली.

निकालाचा फोन आला तेव्हा ओझेला पोरांना वाढत होती. दोन्ही मुद्दे मान्य, शिक्षा रद्द! तिने अशी आरोळी ठोकली की पोरांनी काही न कळताच चमच्यांनी टेबलं बडवली. खटला पुन्हा चालवायचा की नाही, हे सरकारच्या हाती होतं. पण डोशिया काठी टेकत नव्या सरकारी वकिलाकडे गेली आणि म्हणाली, "या पोराने माझ्या नवऱ्याला मारलं असं मला कधीच वाटलं नाही. तेव्हा विचारलं असतंत तर तेव्हाच सांगितलं असतं." वकिलाच्या हातातही ठशांपलीकडे काही नव्हतं. सरकारने खटला मागे घेतला.

थॅड घरी आला त्या रविवारी ओझेलाच्या घरात मुंगीला शिरायला जागा नव्हती. गाणी, आरडाओरडा, तळलेल्या माशांचा वास. तो दारातच थांबला. सगळ्यांना भेटला, हसला, पण पाय काही आत येईना.

"आत्या," तो हळूच म्हणाला, "मी अंगणातच जेवलो तर चालेल? छत नको वाटतं गं."

ओझेला वळली आणि तिने असा आवाज लावला की अख्खी गल्ली हलली.

"ए इयुला! पाद्रीसाहेब, तुम्हीपण! बसून काय राहिलात? टेबलं उचला, सगळं बाहेर काढा!"

पाद्रीसाहेबांनी टेबलाचं एक टोक धरलं, डोशियाने काठीने वाट मोकळी केली. खुर्च्या निघाल्या, माशांची परात निघाली, शेवटी पियानोसुद्धा पायरीपर्यंत ढकलला. सूर्य मावळला, डास फोडून काढायला लागले, तरी आत चला असं कुणीच म्हणालं नाही.